वाड्यातून आलेले २३ रुमाल: पावसाळ्याआधी काय करायचं, काय करायचं नाही

वाचकाचं पत्र

आमचं वाचनालय रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. शंभरी कधीच ओलांडलेली. यंदा गावातला एक वाडा पाडायला घेतला, तेव्हा मालकांनी माळ्यावरचे मोडी कागदांचे २३ रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आम्हांला दिले. शिवाय आमची स्वतःची जुनी इतिवृत्तं, दाखल नोंदवह्या आणि बंद पडलेल्या एका स्थानिक साप्ताहिकाच्या बांधीव फायली आहेत. कार्यकारिणीत चार मतं आहेत. सगळं उन्हात घालून तारखेप्रमाणे लावावं, हे एक. लॅमिनेशन करून घ्यावं, दरपत्रकही आलंय, हे दुसरं. स्कॅन करून मूळ कागद कुणालातरी देऊन टाकावेत, हे तिसरं. आणि डांबराच्या गोळ्या घालून लोखंडी कपाटात बंद करावेत, हे चौथं. काही रुमालांत पांढरी पूड आहे. सातव्या रुमालात एक गठ्ठा विटेसारखा घट्ट झालाय. वाड्याच्या मालकांचे परदेशातले भाऊ दोन सनदा फ्रेम करायला मागताहेत. पाऊस दीड महिन्यावर आलाय. काय करावं?

— कार्यवाह

उत्तर

कार्यवाह, नमस्कार.

त्या चार मतांपैकी एकही आत्ता अमलात आणू नका. चौघांच्याही मनात कागद वाचावेत हेच आहे, पण पहिल्या दोन गोष्टी एकदा केल्या की परत फिरवता येत नाहीत. दीड महिन्यात तुमच्याकडून होण्यासारखी कामं तीन: रुमालांचा आहे तो क्रम लिहून ठेवणं, योग्य खोली निवडणं आणि त्या खोलीतली दमट हवा आटोक्यात आणणं. साफसफाई, नवी बांधणी आणि स्कॅनिंग दिवाळीनंतर. कोकणात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच कागद हाताळायचा काळ.

आधी क्रमाचं. तारखेप्रमाणे लावायचा मोह फार जणांना होतो आणि दप्तराचं सगळ्यांत मोठं नुकसान तिथेच होतं. वाड्यातल्या कारकुनाने एका पुडक्यात सनद, तिच्याखाली वाटणीचा कागद आणि त्याखाली तीन सालांच्या जमाखर्चाच्या याद्या बांधल्या असतील, तर त्या एकत्र असण्याला कारण होतं. बहुधा तो एकाच तंट्याचा पुरावा होता. वेगवेगळ्या वर्षांखाली विखुरलात तर प्रत्येक कागद सुटा शिल्लक राहील, पण तंटा कशाचा होता हे पुन्हा कुणाला जुळवता येणार नाही. विषयवारी लावण्यातही हाच धोका. तारखेप्रमाणे शोधायची सोय यादीत करता येते, त्यासाठी कागद हलवावे लागत नाहीत.

म्हणून प्रत्येक रुमाल उघडण्यापूर्वी बाहेरून फोटो काढा. मग उघडून वरून एक फोटो, पुडकी मोजा, प्रत्येक पुडक्यात एक कोऱ्या कागदाची चिठ्ठी घाला: रुमाल ४, पुडके ११. पुडकी आत्ता सोडू नका. दोन माणसं बसली तर २३ रुमालांचं हे काम तीन-चार दिवसांत उरकतं आणि त्याला मोडी येण्याची गरज नाही. जुन्या रुमालाच्या कापडावर किंवा आतल्या चिठ्ठीवर काही लिहिलेलं असेल तर ते दप्तराचाच भाग समजा. कापड फाटकं असलं तरी टाकायचं नाही.

लिहायचं ते फक्त मऊ शिसपेन्सिलीने, एचबी किंवा २बी, कागदाच्या पाठीमागे खालच्या कोपऱ्यात, हलक्या हाताने, कागद टणक पुठ्ठ्यावर ठेवून. बॉलपेन नको, स्टिकर नको. आणि एक कळकळीची विनंती: वाचनालयाचा गोल रबरी शिक्का या कागदांवर उमटवू नका. पुस्तकांवर तो हवा. इथे त्याची शाई पलीकडे उमटते, ओल लागली की पसरते आणि मूळ मुद्रेवर चढली तर मुद्रा वाचता येत नाही. शिक्का वेष्टनावर मारा.

आता खोली. तळमजला नको. १८६४ साली स्थापन झालेलं चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर २००५च्या जुलैमध्ये आणि पुन्हा २२ जुलै २०२१च्या पुरात सापडलं. तुमचं गाव नदीकाठी नसलं तरी तुंबलेल्या गटाराचं पाणी तळमजल्यावर पहिल्यांदा येतं. अगदी कौलांखालची खोलीही नको, कारण एक मंगलोरी कौल सरकलं की धार थेट रुमालावर. मधल्या मजल्यावरची, नैर्ऋत्येच्या पावसाचा मारा न बसणारी खोली घ्या. भिंती जांभ्याच्या असतील तर त्या ओल धरून ठेवतात. म्हणून कपाट भिंतीपासून किमान १५ सेंटिमीटर पुढे आणि जमिनीपासून तेवढंच वर. न्हाणीघर किंवा पाण्याची टाकी त्या भिंतीपलीकडे नाही ना, हेही बघा.

लोखंडी कपाट वाईट नाही, मात्र ते कडेकोट बंद असणं वाईट. दिवसा आतली हवा तापते आणि कागद आपला ओलावा तिला देतात. रात्री पत्रा निवतो आणि तोच ओलावा कपाटाच्या मागच्या पत्र्यावर थेंब होऊन बसतो. जुलैमध्ये असं कपाट उघडलं की जो कुबट वास येतो तो बुरशीचा. पाठीमागे आणि दाराला वर-खाली बोटभर व्यासाची दहा-दहा भोकं पाडून घ्या आणि आतून बारीक स्टीलची जाळी लावा म्हणजे झुरळं येणार नाहीत. नवं घेणार असाल तर पावडर कोटिंग केलेली उघडी मांडणी घ्या. लाकडी कपाट वाळवीच्या मुलखात टाळलेलंच बरं.

बुरशीचं गणित साधं आहे. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की बुरशी धरते, आणि कागद प्रत्यक्ष भिजला तर दोन-तीन दिवसांत. कोकणात पावसाळ्यात बाहेरची हवा ८५-९० टक्क्यांवर असते, म्हणजे खिडक्या उघड्या टाकून कागद वाळत नाहीत, उलट ओले होतात. दोन डिजिटल आर्द्रतामापक विकत घ्या, काहीशे रुपयांत मिळतात. एक खोलीत, एक कपाटाच्या आत. स्वस्तातला मापक कधीकधी पाच-सात टक्के चुकतो, म्हणून त्याची परीक्षा घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलसर होईल एवढंच पाणी घाला (विरघळायला नको), झाकण आणि मापक एका घट्ट डब्यात १२ तास ठेवा. आत ७५ टक्के दिसायला हवेत. ८० दिसले तर तुमचा मापक पाच जास्त दाखवतो, तेवढे दर वेळी वजा करा.

दीड-दोनशे चौरस फुटांच्या खोलीला दिवसाला २० लिटर पाणी ओढणारं एक आर्द्रताशोषक यंत्र पुरतं. दारं-खिडक्या बंद, फटींना रबरी पट्टी, यंत्र ५५ वर लावलेलं, आणि पाणी बादलीत न साठवता नळीने बाहेर सोडलेलं. बादली भरली की यंत्र थांबतं आणि नेमका शनिवार-रविवार जोडून आलेला असतो. वातानुकूलन यंत्र मात्र फक्त वाचनालयाच्या वेळेत लावायचं असेल तर लावूच नका. दिवसभर थंड झालेल्या कागदाला संध्याकाळी दमट हवा भेटली की त्याच्यावर दव पडतं. पुस्तकांत आदर्श आकडा ४५ ते ५५ टक्के लिहिलेला असतो. कोकणात पावसाळाभर ६०च्या खाली ठेवू शकलात तरी उत्तम, आणि तो रोज वर-खाली न होणं हे त्या आकड्याइतकंच महत्त्वाचं. खोलीत एक छोटा पंखा भिंतीकडे तोंड करून चालू ठेवा म्हणजे कोपऱ्यात हवा साचत नाही. रोज सकाळी मापकाचा आकडा वहीत लिहायचं काम एका माणसाकडे नावानिशी द्या.

सिलिका जेलबद्दल विचारलं जाईल म्हणून सांगून ठेवतो: उघड्या खोलीत किंवा भोकं पाडलेल्या कपाटात त्याचा उपयोग शून्य. घट्ट झाकणाच्या ५० लिटरच्या पेटीला साधारण एक किलो लागतं. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतात. गठ्ठा दुसऱ्या गावी न्यायचा असेल तेव्हा ही सोय चांगली.

उन्हाचं मत मांडणाऱ्यांना हे सांगा: पोथ्यांना ऊन दाखवायची आपल्याकडची रीत चुकीची नव्हती, ती आश्विनात दमट झालेल्या पोथीला हवा लागावी म्हणून होती. तेच काम सावलीत, पंख्याखाली होतं. थेट उन्हाने कागद ठिसूळ होतो, लाल-निळ्या शाया उडतात आणि एका बाजूने भराभर सुकल्यामुळे कागद वळतो. तुमच्या मोडी कागदांची काळी शाई काजळीची असणार. ती उन्हाने फिकी पडत नाही, पण पाण्याने मात्र निघते, कारण तिला धरून ठेवणारा डिंकच आहे. म्हणून ओलं फडकं या कागदांना लागू देऊ नका.

डांबराच्या गोळ्या बंद करा. त्यांच्या वाफेने कीड फारतर दूर राहते, मरत नाही, आणि भोकं असलेल्या कपाटात ती वाफ टिकतही नाही. बंद कपाटात टिकली तर थंडीत तिचेच बारीक खडे कागदावर बसतात. त्यात बसून काम करणाऱ्या माणसाच्या छातीलाही ती वाईट. तुम्ही लिहिलेली पांढरी पूड बहुतेक जुन्या काळी टाकलेली गॅमेक्सिन किंवा डीडीटी ही कीटकनाशकं असणार. दोन्ही विषारी आहेत. ते रुमाल वेगळे काढा, त्यावर तसं लिहा, आणि दिवाळीनंतर ते उघडताना नायट्राइलचे हातमोजे आणि एन-९५ मुखपट्टी वापरा. पूड फुंकायची नाही, झटकायची नाही. आणि वाचकांना ते रुमाल स्वच्छ होईपर्यंत देऊ नका.

वेखंड, दालचिनी, लवंग, मिरी, काळं जिरं आणि कापूर यांची पुरचुंडी पोथ्यांत ठेवण्याची पद्धत तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. त्या ग्रंथालयात भोसले राजांच्या काळातले मोडी कागदही मोठ्या संख्येने आहेत. अशी पुरचुंडी ठेवायला हरकत नाही, पण ती कागदाला टेकू नये, फळीच्या कोपऱ्यात असावी, आणि वर्षाकाठी बदलावी, कारण वास गेल्यावर ते मसाले स्वतःच किडीचं खाद्य होतात. कडुलिंबाचा ओला पाला मात्र नको. त्याने डाग पडतात.

किडीची ओळख पटली तर उपाय सोपा होतो. कागदाचा वरचा थर अनियमित खरवडल्यासारखा दिसला तर ती कसर. हातकागदाला दिलेली खळ आणि बांधणीतला पेस्ट हे तिचं अन्न. आरपार गोल भोकं आणि पिठासारखी बारीक भुकटी दिसली तर भुंगेऱ्याची अळी, आणि भुकटी ताजी पांढरट असेल तर ती अजून आत जिवंत आहे. मातीची नळी दिसली तर वाळवी, आणि मग कागद बाजूला ठेवून आधी इमारतीचा इलाज करावा लागतो. अळीचा रुमाल दोन पॉलिथिनच्या पिशव्यांत हवा काढून घट्ट बांधा आणि उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर पाणी जमेल. पुन्हा एकदा तसंच करा म्हणजे उरलेली अंडीही मरतात. लाखेची मुद्रा असलेले कागद फ्रीझरमध्ये घालू नका, लाख तडकते. रसायनाचा धूर देण्यापेक्षा हा उपाय कागदाला आणि माणसाला दोघांनाही सोसतो. माणसाच्या पोटात जाणारं काही त्या फ्रीझरमध्ये ठेवू नये, एवढं पथ्य.

लॅमिनेशनचं दरपत्रक सरळ परत करा. उष्णतेने चिकटवलेलं प्लास्टिक कागदापासून पुन्हा सोडवता येत नाही. कागदातली आम्लता आत कोंडली जाते, कडेने ओल शिरली तर बुरशी आतच वाढते, आणि घोटलेल्या हातकागदाची पाठ तपासणं कायमचं संपतं. चिकटपट्टीलाही हेच लागू. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो, पट्टी गळून पडते आणि डाग तेवढा उरतो. फाटलेला कागद आत्ता जोडायचा नाही. त्याचे तुकडे एका दुमडलेल्या आम्लरहित कागदात एकत्र ठेवा. जोडायची वेळ येईल तेव्हा जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि शिजवलेली गव्हाच्या सत्त्वाची पेस्ट वापरतात, कारण ती पाण्याने सोडवता येते, आणि ते काम शिकलेल्या माणसानेच करावं.

दिवाळीनंतर साफसफाईला बसाल तेव्हाची तयारी: स्वच्छ टेबल, त्यावर पांढरा कागद, दीड-दोन इंची मऊ केसांचा रंगाचा ब्रश, मुखपट्टी, सुके धुतलेले हात. सुती हातमोजे नकोत. त्यांत बोटांना कागदाची कड कळत नाही आणि ती फाटते. ब्रश मधून कडेकडे, एकाच दिशेने. बुरशी काळी-हिरवी आणि ओलसर दिसली तर ब्रश लावू नका, पसरते. आधी तो गठ्ठा कोरड्या खोलीत आठवडाभर ठेवा, सुकून भुकटी झाल्यावर मगच झटका, तीही उघड्या गॅलरीत, इतर कागदांपासून दूर. टाचण्या, यू-पिना, लोखंडी क्लिपा काढा. गंजलेली टाचणी ओढायची नाही. दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या सरकवून कागद वाचवत सोडवायची.

मोडी कागद उघडताना एका गोष्टीकडे नीट बघा. एक मोठं पत्र अनेक बंदांचं, म्हणजे कागदाच्या पट्ट्यांचं, असतं. वीतभर रुंदीचा एक बंद संपला की दुसरा त्याला खळीने चिकटवलेला. कागद उलटा केलात तर कित्येकदा त्या जोडावर शिक्का दिसतो, अर्धा वरच्या बंदावर, अर्धा खालच्यावर. मधला बंद कुणी बदलू नये म्हणून केलेली ही व्यवस्था. दोनशे वर्षांत खळ सुटते आणि बंद सुटे होतात. तेव्हा हे अर्धे शिक्के जुळवूनच कोणता बंद कोणाखालचा हे ठरतं, अक्षरावरून ठरवायला गेलात तर चुकाल, कारण एकाच कारकुनाचे शेकडो कागद असतात. शेवटी पत्र संपल्याची खूण म्हणून ‘मोर्तब सूद’ची मुद्रा आणि पाठीवर कारकुनाचे शेरे. सुटलेले बंद जुळले की एका दुमडीत ठेवा, पेन्सिलीने १/५, २/५ असे क्रम घाला. पुन्हा चिकटवू नका.

घडी कडक झालेला कागद दाबून उलगडायचा नाही, घडीवरच तुटतो. झाकणाच्या मोठ्या प्लास्टिक क्रेटच्या तळाशी ओला करून पिळलेला टीपकागद, त्यावर तीन-चार इंच उंचीवर प्लास्टिकची जाळी, जाळीवर कागद, झाकण बंद. तासातासाने बघायचं. चार ते आठ तासांत कागद मवाळ होतो. मग दोन कोरड्या टीपकागदांत ठेवून सपाट वजनाखाली दोन दिवस. शाईच्या जागी चकाकी आली किंवा बोट जरा चिकटल्यासारखं वाटलं तर लगेच बाहेर काढा. पहिला प्रयोग कोऱ्या किंवा बिनमहत्त्वाच्या तुकड्यावर करा.

नवा रुमाल शिवायला बिनरंगी मांजरपाट घ्या, पण दुकानातून आणून तसाच वापरू नका. त्यात भरपूर खळ असते आणि कसर त्यावरच पोसते. दोनदा गरम पाण्यात, निळीशिवाय, धुवा आणि खणखणीत वाळवा. ३६ इंचांचा चौकोन पुरतो. लाल कापडाचा आग्रह सोडा. ते भिजलं की रंग पहिल्या दहा कागदांत उतरतो. खाली-वर कागदापेक्षा अर्धा इंच मोठे आम्लरहित पुठ्ठे. तेवढे पैसे नसतील तर पॉलिप्रॉपिलीनची पन्हाळी शीट चालते. पीव्हीसी आणि बाजारातला तपकिरी पुठ्ठा चालत नाही, दोन्ही काळाच्या ओघात आम्ल सोडतात. गाठ वर नको, बाजूला, आणि आतला पुठ्ठा वाकणार नाही इतपतच आवळलेली. एक रुमाल पाच किलोंच्या वर जाऊ देऊ नका, आणि एकावर एक दोनपेक्षा जास्त नकोत. खालचा काढताना वरचा पडतो, हेच बहुतेक वेळा घडतं.

तुमच्याच वह्यांकडे फार कुणी लक्ष देत नाही, पण त्या अधिक नाजूक आहेत. मोडी हातकागद चिंध्या आणि तागाच्या लांब धाग्यांचा. तो सुका ठेवला तर अजून दोनशे वर्षं टिकेल. गिरणीच्या कागदाला तुरटी आणि राळ लावलेली असते, त्यातून आम्ल तयार होतं आणि पानं कडेकडून तपकिरी होत ठिसूळ होतात. साप्ताहिकाचा कागद तर लाकडाच्या लगद्याचा. त्याच्या फायली उभ्या ठेवू नका, आडव्या ठेवा, पूर्ण उघडून झेरॉक्स यंत्रावर दाबू नका. जुन्या नोंदवह्यांत इंग्रजी शाई असेल तर तिच्यात लोह असतं, ती अक्षरांच्या जागी कागद जाळत जाते. जांभळट दिसणारी कॉपिंग पेन्सिल ओल लागताच पसरते. या वह्यांना वर सांगितलेला क्रेटचा उपाय करायचा नाही. आणि हल्लीच्या फायलींत थर्मल कागदाच्या पावत्या असतील तर त्यांच्या झेरॉक्स आजच काढा, दोन-चार वर्षांत त्या कोऱ्या होतात.

म्हणून स्कॅनिंगचा पहिला नंबर साप्ताहिकाचा, दुसरा इतिवृत्तांचा, मग मोडी. गावाचा इतिहास त्या साप्ताहिकात आहे आणि तेच आधी नष्ट होणार आहे.

स्कॅन ४०० पीपीआयला (दर इंचाला ४०० ठिपके), रंगीत, टिफ या न आकसणाऱ्या फाईल-स्वरूपात. मोडीतली मात्रा-अनुस्वाराची बारीक वळणं ३००ला कधीकधी मोडतात. बांधीव फाईल आणि ठिसूळ कागद सपाट स्कॅनरवर नको. स्टँडवरचा कॅमेरा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत एलईडी दिवे, फ्लॅश बंद, आणि प्रत्येक फोटोत कागदाशेजारी सेंटिमीटरची पट्टी. पाठ कोरी वाटली तरी तिचाही फोटो घ्या, शेरे आणि जोडशिक्के तिथेच आहेत. ए-४ आकाराची एक रंगीत टिफ ४०० पीपीआयला सुमारे ४६ एमबी होते. एका रुमालात ४०० कागद धरले तर २३ रुमालांच्या दोन्ही बाजू मिळून १८,४०० प्रतिमा, म्हणजे साधारण ८५० जीबी. तेव्हा दोन टीबीच्या तीन डिस्क घ्या: एक वाचनालयात, एक गावाबाहेर पदाधिकाऱ्याकडे, एक दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेकडे. तिन्ही एकाच कपाटात ठेवल्या तर ती एकच प्रत समजा. फाईलचं नाव रुमाल-पुडकं-कागद-बाजू या क्रमाने आकड्यांत. ‘सनद फायनल नवीन’ अशी नावं सहा महिन्यांनी तुम्हांलाच कळणार नाहीत. प्रत्येक फाईलचा चेकसम (फाईल बिघडली का हे सांगणारा आकडा) काढून ठेवा, वर्षातून एकदा ताडून बघा, डिस्का पाच वर्षांनी बदला. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो ही प्रत नव्हे. तो आकुंचित होतो.

मूळ कागद देऊन टाकण्याबद्दल: रियासतकार सरदेसाईंनी पेशवे दप्तरातून ४५ खंड निवडून छापले, तरी अभ्यासक आजही पुण्याच्या पुरालेखागारातले मूळ रुमाल मागतात, कारण शाई, जोड, मुद्रा आणि कागदाची जात छापीत मजकुरात येत नाही. तुम्हांला खोली आणि माणूस देता येत नसेल तर जरूर द्या, पण जिथे द्याल तिथे २३ रुमाल एकत्र राहतील असं लेखी घ्या. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, राज्याचं पुराभिलेख संचालनालय, या जागा विचारण्यासारख्या आहेत. संचालनालय मोडीचे वर्गही घेतं. तुमच्या गावातल्या दोघा तरुणांना तिथे पाठवा.

यादी करताना तारीख जशी लिहिली आहे तशीच आधी उतरवा, इसवी सन वेगळ्या रकान्यात. शकात ७८ मिळवायचे (वर्षाअखेरच्या महिन्यांत ७९), शुहूर सनात ५९९ किंवा ६००, फसलीत ५९० किंवा ५९१ (ही दोन्ही मराठी कागदांत येणारी जुनी वर्षगणनं). शुहूर सन मृगाला बदलतो, म्हणून महिना आणि चंद्र (म्हणजे महिन्यातला दिवस) न बघता आकडा मिळवला की वर्ष चुकतं. शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाका. चुकीचं खात्रीचं वर्ष पुढे पन्नास लेखांत जातं.

परदेशातल्या भावांना मूळ सनदा पाठवू नका. ७५ वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितं १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येतात आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. शिवाय भिंतीवरच्या फ्रेममध्ये काचेला टेकलेला कागद काचेलाच चिकटतो. त्यांना चांगल्या कागदावर मूळ आकारात छापलेली प्रत द्या, ती फ्रेममध्ये शोभेलही. आणि मालकांकडून देणगीपत्र अजून घेतलं नसेल तर या आठवड्यात घ्या: रुमालांची संख्या, मालकी वाचनालयाकडे आली, छापण्याची व अभ्यासकांना दाखवण्याची परवानगी, सर्व वारसांच्या सह्या. इनामाचे कागद त्यात असतील तर उद्या जमिनीच्या वादात कुणीतरी ते मागायला येणार.

राहिला सातव्या रुमालातला तो घट्ट गठ्ठा. माळ्यावर केव्हातरी त्यावर पाणी गळलं, हातकागदाची खळ आणि शाईचा डिंक विरघळून परत सुकला आणि पानं एकमेकांना चिकटली. चाकू, पट्टी, वाफ, इस्त्री, काहीही लावू नका. पान सुटल्यासारखं वाटतं, पण अक्षरं समोरच्या पानावर निघून येतात. कोरड्या टीपकागदात गुंडाळा, दोन पुठ्ठ्यांमध्ये सैल बांधा, वजन ठेवू नका, सहाही बाजूंचे फोटो काढा. वर चिठ्ठी: ‘रुमाल ७, पुडके अमुक, चिकटलेले, उघडू नये, संवर्धकाकडे न्यावयाचे.’ रुमालात त्याच्या जागी दुसरी चिठ्ठी ठेवा, म्हणजे परत आल्यावर तो कुठे जायचा हे कळेल.